खांबदेवीचं वय

माणसाचं वय झालं की त्याला कोपऱ्यात बसवतात आणि देवाचं वय झालं की त्याच्याभोवती कुंपण घालतात. खारवणे कोळीवाड्याच्या खांबदेवीचं वय एका दुपारी एकदम तेराशे चाळीस वर्षं झालं, आणि त्या दिवसापासून तिच्या शेजारी बोंबील सुकवणाऱ्या बायकांचं काही खरं राहिलं नाही.

हे वय काढलं डॉक्टर नमिता नाखवा हिने. परक्या कुणी नाही, त्याच कोळीवाड्यातल्या पोरीने. तिची आई पुतळाबाई बेलापूरच्या बाजारात मासळी विकायची आणि उरलेली खळ्यावर सुकवायची. खळं म्हणजे खाडीकाठची सारवलेली मोकळी जागा. तिथे काठ्यांवर बोंबील, जमिनीवर जवळा, आणि मध्ये उभी खांबदेवी. देवी म्हणजे पुरुषभर उंचीचा काळाकुळकुळीत लाकडी खांब, त्याला चांदीचे दोन डोळे आणि हिरवं लुगडं. या खळ्यावरच्या सुक्या मासळीवर पुतळाबाईने मुलीला एम.एस्सी. केलं, पीएच.डी. केलं. माझी पोर मशीनवर हाय, असं ती बाजारात सांगायची. ऐकणाऱ्यांना वाटायचं, शिवणाच्या.

मशीन होतं ॲक्सिलरेटर. बेलापूरच्या डोंगराला पाठ लावून बसलेल्या एका सरकारी संस्थेत ते होतं, आणि लोकल ट्रेनच्या डब्याएवढं लांब होतं. जुन्या लाकडाचा, हाडाचा, धान्याचा राईएवढा तुकडा घ्यायचा, जाळायचा, आणि त्यातला कार्बन या मशीनमधून पळवायचा. जिवंत झाडात एक खास जातीचा कार्बन असतो. झाड मेलं की तो हळूहळू आटत जातो. मशीन त्याचे अणू एकेक करून मोजतं. जितके कमी, तितकी वस्तू जुनी. एवढंच शास्त्र, बाकी सगळी वीज आणि अनुदान.

मशीन चालवायला तिघी होत्या. विभागप्रमुख डॉक्टर संध्या मोडक, नमिता, आणि सगळ्यांत धाकटी रुतिका. तिघीही कामाला वाघ. पण संस्थेला त्यांच्या कामाची आठवण वर्षातून एकदाच यायची, ती आठ मार्चला. त्या दिवशी तिघींना एकसारख्या गुलाबी साड्या नेसायला सांगायचे, रेडिएशनचा बिल्ला पदराला टाचायचे, आणि मशीनपुढे उभं करून फोटो काढायचे. फोटोत मध्यभागी संचालकसाहेब असायचे. त्यांनी ते मशीन कधी सुरू केलेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण बटनावर बोट मात्र त्यांचंच.

यंदाच्या आठ मार्चला काहीतरी मोठं दाखवायचं होतं. ते मोठं घेऊन आले रोहिदासशेठ म्हात्रे.

रोहिदासशेठच्या आज्याची भातशेती होती, बापाची भातशेती गेली, आणि शेठचे टॉवर उभे राहिले. त्यातला सगळ्यांत नवा टॉवर खळ्याला लागूनच होता, बत्तीस मजल्यांचा. समोर खाडी, मागे डोंगर, आणि खाली बोंबील. फ्लॅट घेतलेल्या लोकांनी सौदा केला तेव्हा वारा पश्चिमेचा होता. राहायला आले तेव्हा तो फिरला. मग सुरू झाल्या तक्रारी. वासाने मुलांचा अभ्यास होत नाही, पाहुणे येत नाहीत, एका बाईच्या मांजराने तर घर सोडलं. मांजर खळ्यावर राहायला आलं होतं आणि मजेत होतं, पण ते कुणी सांगितलं नाही.

खळं थेट उठवावं तर कोळीवाडा अंगावर येणार. शेठ मुरलेला माणूस. देवस्थान समितीचा अध्यक्षही तोच. त्याने वेगळी वाट काढली. देवी जुनी आहे असं सरकारी मशीनने सांगायचं, मग देवीभोवती वारसा उद्यान करायचं, आणि उद्यानात मासळी कशी सुकवणार? देवीच्या नावाने कोण नाही म्हणणार? बायकांना दिघ्याच्या बाजूला एका नाल्याकाठी पर्यायी जागा मिळणार होती. नकाशात ती हिरव्या रंगात दाखवली होती.

यातलं नमिताला तेव्हा काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. तिला एवढंच कळलं की आपल्या गावची देवी आपल्या मशीनवर येणार. ती हरखून गेली. पंधरा वर्षं ती इतरांच्या गावची हाडं नि कोळसे मोजत होती.

नमुना घ्यायला तिघी गेल्या तेव्हा संध्या मॅडमनी खांबावरून हातमोज्याचं बोट फिरवलं आणि म्हणाल्या, काय सुंदर काळपट झालंय लाकूड, शतकांचा हात फिरलेला दिसतो. शतकांचा हात कुणाचा ते नमिताला चांगलं माहीत होतं. नाखवांच्या घरातल्या बाईचा. गावची रीतच होती. मे महिन्यात होड्या ओढून काढायच्या, खरवडायच्या आणि तेल पाजायचं. जे होडीच्या अंगाला लागायचं ते आधी देवीला. पहिली ओंजळ खांबाला, मग होडीला. पुतळाबाईच्या सासूच्या काळी ते मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल असायचं. पुढे इंजिनं आली, खाडीतल्या मुशी संपल्या, आणि बायका इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल लावू लागल्या. लाकडाला कीड लागत नाही, आणि फुकट मिळतं. देवीने कधी तक्रार केली नाही. गेली पस्तीस वर्षं तो हात पुतळाबाईचा होता, आणि परकर नेसायच्या वयात नमिताही आईबरोबर कोपरापर्यंत काळी व्हायची.

ड्रिल फिरलं तसा डिझेलचा भपकारा आला. रुतिकाने मास्कमधूनच नाक मुरडलं आणि विचारलं, हा कसला वास. नमिता म्हणाली, खाडीचा.

मग फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना असतो: वस्तूवर पूर्वी काही प्रक्रिया केली आहे का. तेल, मेण, रंग, काहीही. कारण तसं काही असेल तर नमुना आधी खास द्रावणांत धुवून काढावा लागतो, त्याला आठवडा जातो. नमिताने पेन धरलं. संध्या मॅडम पुण्याच्या. त्यांच्या घरचे देव चंदनाने पुसायचे. त्यांच्यासमोर लिहायचं की आमच्या देवीला आम्ही होडीच्या इंजिनाचं घाण ऑइल लावतो, आणि लावणारी माझी आई? नमिताने लिहिलं, ‘नाही’. खाली सही केली.

आता जळकं ऑइल म्हणजे काय, हे पोराटोरांना ठाऊक आहे. जमिनीतून काढलेलं. त्यातला तो खास कार्बन कोट्यवधी वर्षांपूर्वीच संपलेला. ते लाकडात मुरलं की मशीनला वाटतं, अरे, कार्बन किती कमी, केवढं जुनं लाकूड. म्हणजे पुतळाबाई दर मे महिन्यात देवीला एक ओंजळ लावायची आणि देवी एका वर्षात पस्तीस वर्षांनी म्हातारी व्हायची. अशी सासू कुणाला मिळू नये.

आकडा आला तेराशे चाळीस. संचालकसाहेबांनी पेढे वाटले. आठ मार्चला गुलाबी साड्या, बिल्ले, फोटो, आणि वर्तमानपत्रात मथळा: विज्ञानकन्यांनी उलगडलं खाडीचं रहस्य. रहस्य उलगडण्याआधीच संशोधनाचा पेपर एका परदेशी मासिकाकडे गेलासुद्धा. लेखक सहा. त्यात संचालकही होते, बटनामुळे.

नमिताला त्याच दिवशी तेलाची शंका आली होती. ती तिने पेढ्याबरोबर गिळली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत ती महिनाभर हिंडली. एप्रिलमध्ये घरी गेली तर पुतळाबाई एक कागद पुढ्यात घेऊन बसलेली. खळ्यावरच्या चौतीस बायकांना तो आला होता. मेच्या दुसऱ्या रविवारी वारसा उद्यानाचं भूमिपूजन, त्याच दिवशी भिंतीचा पाया, त्याआधी जागा मोकळी करावी. पुतळाबाईला वाचता येत नव्हतं. नमिताने वाचून दाखवलं. कारणाच्या जागी लिहिलं होतं, शास्त्रीय अहवालानुसार. अहवालावर पहिली सही कुणाची, ते पुतळाबाईने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नमिताने रुतिकाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. पोरगी शहाणी. म्हणाली, टेन्शन नको घेऊ, ड्रिलचा उरलेला भुगा आहे ना, धुवून परत लावू. दोघींनी आठ दिवस तो भुगा धुतला. द्रावण कोऱ्या चहासारखं काळं निघालं. मग मशीनने सांगितलं ते असं: लाकूड शंभर-दीडशे वर्षांच्या आतलं. त्याहून नेमकं मला सांगता येत नाही.

मशीनला सांगता येत नव्हतं, पुतळाबाईला येत होतं. तिच्या सासऱ्याच्या बापाची होडी वादळात फुटली, हातात राहिली फक्त डोलकाठी. माणसं वाचली म्हणून ती खळ्यावर रोवली आणि तिलाच देवी मानली. ज्या साली थोरल्या आत्याचं लगीन झालं त्या साली, असं पुतळाबाई सांगायची. गावातल्या कुठल्याही म्हातारीला विचारलं असतं तर मूठभर जवळ्यात हे कळलं असतं. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा, त्यातही वळसा सरकारी.

संध्या मॅडमना तिने दोन्ही आकडे दाखवले. मॅडम वाईट नव्हत्या. चष्मा पुसून त्यांनी दोन्ही आकडे पुन्हा ताडून पाहिले. मग म्हणाल्या, चूक आहे, मागे घ्यावंच लागेल. फॉर्म कुणी भरला होता? नमिताने सांगितलं. मॅडमनी एक सुस्कारा टाकला आणि ठरवून टाकलं की आत्ता गाजावाजा नको. संचालकांनी मंत्रालयात पत्र दिलंय, बाईमाणसांची टीम म्हणून सगळे टपून बसलेत, एक चूक सापडली की म्हणतील, बघा. भूमिपूजन होऊ दे, मग जूनमध्ये शांतपणे शुद्धिपत्रक काढू.

जूनमध्ये खळ्यावर भिंत असेल, नमिता म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, भिंत आपल्या विषयात येत नाही.

भूमिपूजनाचा रविवार उजाडला. रोहिदासशेठने मांडव घातला होता, मांडवाला वातानुकूलन होतं, आणि सुगंधी फवारे मारणारी चार माणसं होती. खळ्यावरच्या काठ्या उपटून एका बाजूला रचल्या होत्या. त्यांच्याशेजारी चौतीस बायका बसल्या होत्या, बोलवलं नव्हतं तरी. टॉवरमधले लोक खुर्च्यांवर. फलकावर लिहिलं होतं, तेराशे चाळीस वर्षांची आई. पहिलं भाषण संचालकांचं, दुसरं शेठचं. दोघांच्या भाषणांत नारीशक्ती सात वेळा आली, हे रुतिकाने मोजलं होतं, मोजायची सवय. मग शेठ म्हणाले, आता आपल्याच गावची कन्या दोन शब्द बोलेल.

नमिता उठली. संध्या मॅडमनी तिच्या हाताला हलकेच स्पर्श केला, बस इतकाच. नमिता माइकपाशी गेली आणि घोटून पाठ केलेलं सगळं विसरली. मग तिने सरळ सांगून टाकलं. देवीचं लाकूड शंभर-दीडशे वर्षांच्या आतलं आहे. बाकीचं वय तेलाचं. लाकडात इंजिनाचं ऑइल मुरलंय, म्हणून मशीन फसलं. आणि मशीन फसलं, कारण फॉर्मवर मी लिहिलं होतं की तेल लावत नाहीत. मला माहीत होतं. तरी ‘नाही’ लिहिलं.

मांडवात फक्त फवाऱ्यांचा फुसफुस आवाज येत होता. संचालकसाहेब फोन उघडून काहीतरी महत्त्वाचं वाचू लागले. नमिताला वाटलं, झालं, आता भिंत रद्द. सत्य सांगितलं की जग सुतासारखं सरळ होतं, असं शिकलेल्या माणसांना उगीच वाटत असतं.

रोहिदासशेठ शांतपणे उठले. त्यांनी दुसरा माइक घेतला आणि अदबीने विचारलं, “मॅडम, मग ते तेल किती वर्सांचं?”

नमिता शास्त्रज्ञ. विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देणं तिच्या हाडीमांसी खिळलेलं. ती म्हणाली, “काही कोटी वर्षं.”

शेठ लोकांकडे वळले. ऐकलंत, म्हणाले. आपली आई तेराशे वर्षांची नव्हे, तिच्या अंगावरचं तेलच कोट्यवधी वर्षांचं आहे, आणि हे मी नाही, विज्ञान सांगतंय. टाळ्यांचा कडकडाट झाला. टॉवरमधली एक बाई डोळे पुसू लागली. संचालकांनी फोन बंद केला आणि टाळ्यांत सामील झाले. खरं बोलून माणूस इतका मूर्ख दिसू शकतो, हे नमिताला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने पुतळाबाई उठली. तिच्या हातात पत्र्याचा डबा होता. मेचा दुसरा रविवार, होडीला तेल पाजायचा दिवस. ती तयारीनेच आली होती. शेठच्या माणसांनी तिला अडवलं. प्राचीन वस्तू आहे मावशी, हात लावू नका, एक जण म्हणाला.

पुतळाबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती रोहिदासशेठला म्हणाली, “शेठ, मोठेपन तेलाचं हाय ना? मंग तेलाचा मान कोनाचा?”

शेठनी पुढच्या रांगेकडे पाहिलं, आणि का पाहिलं हे मांडवातल्या गाववाल्यांना लगेच कळलं. मान म्हणजे मान. कुणी पालखीला पहिला खांदा द्यायचा, कुणाचा नारळ पहिला फुटायचा, हे या खाडीकाठी कोर्टाच्या निकालापेक्षा पक्कं असतं. पालखीचा पहिला खांदा म्हात्र्यांचा. आज नाखवांचा तेलाचा मान नाकारला तर उद्या कुणी विचारेल, शेठ, तुमचा खांदा कुठल्या कागदावर लिहिलाय? शेठची तीन भावंडं आणि सात चुलते हाच प्रश्न विचारायला टपून होते. त्यातले दोन चुलते पुढच्याच रांगेत होते.

मान नाखवांचाच आहे, शेठ म्हणाले. म्हणताना त्यांचा चेहरा दाढ दुखणाऱ्या माणसाचा झाला होता.

पुतळाबाईने मान डोलावली. मग तिने सांगितलं की मानकऱ्याची बसायची जागा देवीच्या उजव्या अंगाला असते, म्हणजे खळ्यावर. मानकरी कुंपणाच्या आत-बाहेर तिकीट काढून करत नाही. आणि मानकरी बसतो तिथे त्याचा धंदा बसतो, ही पण रीतच. उद्यान करायचं तर देवीच्या डाव्या अंगाला जागा मोकळी हाय.

डाव्या अंगाला टॉवरचं पार्किंग होतं. बत्तीस मजले एकदम खुर्च्यांवरून उठले. गाववाल्यांनी मात्र हो म्हणून टाकलं, आणि पुढच्या रांगेतल्या दोन्ही चुलत्यांनी सर्वांत मोठ्याने. शेठनी कुदळ मारली ती पार्किंगच्या कडेला, जिथे एक पांढरी गाडी घाईघाईने मागे घ्यावी लागली. दुपार व्हायच्या आत काठ्या पुन्हा रोवल्या होत्या आणि मांजर परत आलं होतं.

संध्या मॅडम जाताना नमिताशी बोलल्या. बरं केलंस, म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खोटं काही नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की शुद्धिपत्रक आजच निघेल. त्यावर नाव फक्त नमिताचं राहील. पेपर लिहिताना लेखक सहा होते. चूक निघाल्यावर एक उरली. रुतिका म्हणाली, माझंही नाव घाला, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

चार वाजता नमिता घरी आली. खळं वाचलं होतं. नोकरी बहुधा राहणार होती, बढती बहुधा नाही. तरी तिला हलकं वाटत होतं. आपण खरं बोललो, असं ती मनाशी घोळवत होती आणि कुणीतरी ते मोठ्याने म्हणावं म्हणून वाट बघत होती. मागच्या दारी पुतळाबाई हातांना रॉकेल लावून, मग साबणाने काळं काढत बसली होती. नखांतलं निघत नव्हतं. पस्तीस वर्षांत कधी निघालं नव्हतं.

“नमे,” तिने वर न बघता विचारलं, “तेल लावतात ते तुला ठावं व्हतं?”

“हो आये.”

“लावनारी मीच, ते पन.”

“हो.”

“मंग नाय कसं लिवलंस?”

नमिताने कारणं सांगायला सुरुवात केली, मॅडम, घाई, आठ मार्च. पुतळाबाई नखं घासत राहिली. शेवटी नमिता थांबली आणि खरं ते बोलली. वासाची लाज वाटली, म्हणाली.

पुतळाबाईने हात लुगड्याला पुसले आणि डब्याचं झाकण घट्ट बसवलं.

“टावरवाल्यांना पन वासाचाच तरास हाय,” ती म्हणाली, आणि डबा उचलून आत गेली.